भैरवगीरचे हात

"म्हणजे माझ्या हातच्या अन्नात विष आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?"

भैरवगीरचा आवाज असा चढला की ओसरीवरची माणसं वळून पाहू लागली.

 मुक्ता गावित डॉक्टरबाईंनी त्याचे गुरू केसरगीर महाराज यांच्याकडे पाहिलं.

महाराजांनी धुनीतला निखारा चिमट्यानं जरासा आत सारला. "बोला बाई. त्याला ऐकून घ्यायची सवय नाही. पण ऐकेल."

सातपुड्याच्या उतारावर गोसाव्यांचा हा मठ. येईल त्याला जेवण, हा तिथला नेम. आणि गेली दोन वर्षं स्वयंपाक भैरवगीरचा. पहाटे थंड पाण्यानं अंघोळ करून तो ओलेत्यानं चुलीपुढे बसायचा. तयार अन्नावर कुणाची सावली पडली, तर ते अन्न गाईला जायचं. साबणाला तो शिवत नसे. त्यात चरबी असते म्हणे. हातांना माती चोळायची, वरून विहिरीचं पाणी घ्यायचं, झालं. सगळं वाढून झालं की दहीपोह्यांचा काला तो स्वतः कालवायचा. त्या काल्यासाठी लोक कोसभर चालत यायचे.

...आणि मागाहून तापानं आडवे व्हायचे.

दोन वर्षं हे चाललं होतं. ताप चढायचा तो उतरायचाच नाही. मठात नगारा वाजवणारा सुपडू त्यातच गेला. आतडं फुटलं होतं. भैरवगीरनं त्याला अखेरपर्यंत आपल्या हातानं घास भरवले होते.

डॉक्टरबाईंनी आधी विहिरीचं पाणी तपासलं. स्वच्छ निघालं. दूध तपासलं. तेही चांगलं. राहता राहिली माणसं. शौचाचा नमुना द्यायचा म्हटल्यावर मठात मोठी गडबड उडाली. तेव्हा महाराजांनी पहिली डबी स्वतः भरून दिली होती. मग कुणाला नाही म्हणता येईना.

"एका नमुन्यात टायफॉइडचे जंतू सापडलेत," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तो यांचा आहे."

"मला ताप नाही," भैरवगीर म्हणाला. "साधी शिंकसुद्धा नाही."

"आत्ता नाही. पण पूर्वी कधी..."

"कधीच नाही."

"आला होता," महाराज म्हणाले. "तू मठात आलास ते वर्ष. तू महिनाभर भ्रमात होतास. तुला आठवत नसेल."



"ताप गेला," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण थोडे जंतू मागे राहिले. पित्ताशयात. तिथं ते सुखानं राहतात. यांना काही होत नाही. शौचावाटे बाहेर पडतात, हाताला लागतात, हातावरून अन्नात. शिजत्या अन्नात मरतात हो... पण काला कुणी शिजवत नाही."

"मी तीन वेळा अंघोळ करतो!"

"ठाऊक आहे."

"माझ्याइतकं सोवळं या पंचक्रोशीत कुणी पाळत नाही!"

"तेही ठाऊक आहे मला," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा स्वर भांडणाचा नव्हता. त्यामुळेच भैरवगीरला तो जास्त लागला.

त्यानं महाराजांकडे पाहिलं. आता ते या बाईला दोन शब्द सुनावतील, असं त्याला वाटलं.

महाराज काठी घेऊन उठले. "बाई, ते जंतू दिसतात का?"

"दिसतात. दवाखान्यात यावं लागेल."

"चल भैरव."

कितीतरी वर्षांत महाराज डोंगर उतरले नव्हते. वाटेत बायका नमस्काराला वाकत होत्या. भैरवगीर मागून खाली मान घालून चालत होता. कुणी त्याच्या पायाला हात लावायला आलं, की तो बाजूला व्हायचा. रोज तो विटाळाच्या भीतीनं बाजूला व्हायचा. आज का झाला, ते त्याचं त्यालाच कळेना.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत टेबलावर सूक्ष्मदर्शक होता. डॉक्टरबाईंनी काच बसवली. "यांच्या नमुन्यातले जंतू खाऊ घालून वाढवलेत. त्यातला हा थेंब. काचेला हात लावू नका, नुसते वाकून बघा."

भैरवगीर वाकला.

आधी काहीच दिसेना. नुसता उजेड, आणि त्याच्याच पापण्यांची सावली.

मग तो उजेड हलला.

बारीक बारीक कांड्या. अगणित. पोहत होत्या, वळत होत्या, एकमेकींना ओलांडून जात होत्या. एक थबकली, जागीच गिरकी घेतली आणि दिशा बदलून निघून गेली. कुणाला घाई होती, कुणी नुसतंच डुलत होतं. त्या थेंबात यात्रा भरली होती, आणि आवाज मात्र कसलाच नव्हता.



"हे... माझ्या आत?"

"हो."

"किती वर्षं?"

"तो ताप आला तेव्हापासून."

वीस वर्षं तो पहाटे ध्यानाला बसत होता. डोळे मिटून आत पाहत होता. आत शांतता आहे, असं लोकांना सांगत होता. आणि आत हे गाव वसलं होतं. त्याच्या अन्नावर जगत होतं, त्याच्या जपात झोपत होतं, त्याच्या बोटांवरून दुसऱ्यांच्या घरी जात होतं.

त्याच्या अंगावर काटा आला. भीतीचा होता की कसला, त्याला सांगता आलं नसतं. त्याला डोळा काढवेना.

महाराजांनी त्याच्या खांद्याला हात लावला. "मला बघू दे."

ते वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले...

मग सरळ झाले आणि त्यांनी त्या काचेपुढे हात जोडले.

"महाराज!" भैरवगीर ओरडला. "नमस्कार? यांना? यांनी सुपडूला नेलं!"

"म्हणूनच."

"म्हणजे?"

"एवढा लहान जीव, आणि एवढा मोठा माणूस नेला. आपण कुणाला तोंड देतोय, ते कळायला नको?"

भैरवगीर भिंतीला टेकला. मग त्यानं विचारलं, अगदी हलक्या आवाजात, "सुपडू माझ्यामुळे गेला?"

डॉक्टरबाई काही बोलायला गेल्या. महाराजांनी बोट वर केलं, तशा त्या थांबल्या.

"तुझ्या हातानं गेला," महाराज म्हणाले. "तुझ्या मनानं नाही. दोन्ही खरं आहे. एकाला दुसऱ्याखाली लपवू नकोस."

त्या दिवसापासून भैरवगीर चुलीपुढे बसला नाही. स्वयंपाक दुसऱ्यांकडे गेला. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, त्या तो न चुकता घेत होता. शौचाहून आल्यावर साबणानं हात धुवायला शिकला. पहिल्यांदा साबण हातात घेताना त्याचे डोळे भरून आले होते.

श्रावण गेला. भाद्रपदातला मोठा भंडाराही पार पडला. मठात जेवून कुणी आजारी पडलं नाही.

पंगतीत हे बोललं जायचं, तेव्हा लोक आनंदानं माना डोलवायचे. भैरवगीर तेवढ्यात काही काम काढून उठून जायचा. आपण बाजूला झालो आणि माणसं बरी राहू लागली... हे ओझं कुणाला सांगावं?

गोळ्या संपल्या. पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरबाई स्वतः डोंगर चढून आल्या.

"गेले नाहीत," त्या म्हणाल्या. "पित्ताशयात खडे आहेत, त्यांच्या आडोशाला राहिलेत. जिल्ह्याला नेऊन पित्ताशय काढून टाकू. त्यानंतर बहुतेक जातील. धीर सोडू नका."

भैरवगीरनं मान हलवली. त्या गेल्यावर त्यानं घोंगडी गुंडाळली, कमंडलू उचलला आणि तो मठाच्या मागच्या दारी आला.

दाराबाहेरच्या दगडावर महाराज बसले होते. शेजारी पाण्याची घागर होती.

"निघालास?"

"हो."

"कुठं?"

"वर. डोंगरात. ओढ्याच्या उगमाशी गुहा आहे तिथं. माणसांपासून लांब राहीन महाराज. माझ्यामुळे पुन्हा कुणाला काही व्हायला नको."

महाराजांनी मान डोलवली. बरोबर आहे, असंच जणू त्यांना म्हणायचं होतं.

"जाताना हात पुढे कर."

भैरवगीरला वाटलं, प्रसाद देतायत. त्यानं ओंजळ पुढे केली. महाराजांनी तिच्यावर पाणी घातलं. मग साबणाची वडी घेऊन ते त्याचे हात चोळू लागले. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. म्हाताऱ्या बोटांकडून एकही जागा सुटत नव्हती.

"महाराज, हे काय... गुरूनं शिष्याचे हात..."

"हलवू नकोस."

फेस दगडावरून ओघळला. महाराजांनी पुन्हा पाणी घातलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझ्या गुहेपासचा ओढा पुढे कुठं जातो रे?"

"खाली," भैरवगीर म्हणाला. "आधी पावरा वस्तीवर. मग धनगरवाड्याला. मग..."

त्यानं वळून खाली पाहिलं.

डोंगराच्या कुशीतून ओढा उतरत होता, उन्हात चमकत. वस्तीपाशी कुणी बाई हंडा बुडवत होती. पुढे गुरं पीत होती. त्याहून खाली शेतं, नदी, नदीकाठची गावं, आणि जिथवर नजर पोचत नव्हती तिथली माणसं. भैरवगीर पाहत राहिला. रोज दिसणारा ओढा. पण तो एवढा लांब आहे, हे त्याला आज दिसत होतं. पिणाऱ्या प्रत्येकाच्या ओठांपर्यंत तो जात होता.

घोंगडी त्याच्या खांद्यावरून घसरून खाली पडली. त्यानं ती उचलली नाही.

"मग मी जाऊ कुठं महाराज? लांब अशी जागाच नाही कुठं!"

आत पंगतीची घंटा वाजली. अंगणात माणसं जमू लागली होती. कुणी शेतातून आलेलं, कुणी जनावरं सोडून आलेलं, धुळीनं भरलेल्या हातांची.

महाराजांनी घागर आणि साबणाची वडी भैरवगीरपुढे सरकवली.

"ते हात धुवायला थांबलेत."