कुसावळचा भांडवा

रात्रभर मला एकच गोष्ट टोचत होती: आम्ही भांडत असताना शर्वरी रडली नाही. सहावं लागलेली पोर. तिच्याच शाळेवरून, मराठी माध्यम की इंग्रजी, आईबाप घसा ताणून ओरडतायत आणि ती मान खाली घालून चित्र रंगवत राहिली. रडणाऱ्या मुलाचं काय करायचं यावर मी बरंच वाचलंय. न रडणाऱ्याचं कुठे वाचल्याचं आठवेना.

ठरलेली सहल मोडायची हिंमत कुणातच नव्हती, म्हणून सकाळी कुसावळच्या तळ्यावर आलो. माझा नवरा, सुहास, गाडीपाशीच थांबला. मी आणि शर्वरी बांधावर गेलो.

हा बांध विचित्र आहे. दोन्ही काठांकडून दगडी भिंती येतात आणि मधोमध, एकमेकींना न भेटता, शेजारून पुढे निघून जातात. दोघींमध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी बोळ. मी शहाणपणानं विचारलं, "हा जादा पाण्याचा सांडवा ना?" तिथल्या जनाईच्या देवळातले म्हातारे गुरव, गणूआबा, हसले. "सांडवा तुमच्या पुस्तकात. आमी भांडवा म्हनतो."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

फार पूर्वी, म्हणे, ओढ्याच्या एका काठाला थोरली कुसावळ होती, दुसऱ्याला धाकटी. पाणी दोन्ही गावांना हवं होतं, पण तळ्यात जमीन कुणाची बुडणार यावरून थोरलीचे रायाजी आणि धाकटीचे मानाजी हटून बसले. दोघं मेहुणे. रायाजीची बहीण जिवाई मानाजीला दिलेली. तिनं जनाईला साकडं घातलं: दोघांचा बांध एक होऊ दे, तोवर मी माहेरचा उंबरा चढणार नाही.

देवीनं ऐकलं नाही, असं सांगतात. दोघांनी आपापल्या काठाकडून, आपापल्या रेषेवर भिंत घालायला घेतली. समोरचा कुठे चाललाय ते मान वर करून बघायचं नाही, हा हट्ट. मधल्या खडकावर पोचले तेव्हा भिंती चुकलेल्या. पंचक्रोशी हसली. जिवाई तान्ह्या मुलाला घेऊन देवळात गेली आणि म्हणाली, "मी एवढंच मागितलं होतं. तेवढंही तुला जमलं नाही."

त्या वर्षी पाऊस असा लागला की तळं काठोकाठ भरलं. बोळ बुजवायला दोन्ही गावं दगड घेऊन धावली. पण पहिला दगड लावेल त्याची भिंत चुकली, असं ठरलं असतं. म्हणून तिथंही भांडण. ते रंगात आलेलं असतानाच पाणी खडकावर चढलं, बोळीत शिरलं आणि जोर मोडून निमूट ओढ्याला लागलं. शेजारच्या खोऱ्यातला सरळ, एकोप्यानं बांधलेला बांध त्याच पावसात फुटला. हा राहिला. खालची घरं राहिली.

"जनाईनं भांडन मिटवलं न्हाई," आबा म्हणाले. "कामाला लावलं."

पाणी ओसरल्यावर जिवाईनं भावाला बोळीच्या एका तोंडानं आत घातलं, नवऱ्याला दुसऱ्या. अंग चोरल्याशिवाय एकमेकांना ओलांडता येईना. शेवटी दोघांनीही चोरलं. बोलले नाहीत म्हणे. पण जिवाई त्या दिवाळीला माहेरी गेली.

आजही उन्हाळ्यात बोळ आत्तासारखी कोरडी पडली की ज्यांचं पटत नाही ते दोन तोंडांनी आत शिरतात. समेटाची अट नाही. फक्त अंग चोरायचं.

आबांनी एकदा गाडीकडे पाहिलं. "पाव्हन्यांना हाक मारू का?"

शाळेच्या माध्यमावरून झालेलं भांडण देवी कुठल्या कामाला लावणार, मला कळेना. तरी मी नको म्हणाले नाही. सुहास आला, आबांनी दाखवलेल्या पलीकडच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. पोट आत घेऊन बघत होता. मी चपला काढल्या.

तेवढ्यात शर्वरीनं माझं बोट घट्ट धरलं. आवाज रडवेला होता, आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. मग ती म्हणाली,

"तुम्ही दोघं आत गेलात, तर मी कुठल्या तोंडाशी उभी राहू?"