गोजराईचा भेगाळलेला फाळ

फार वर्षांपूर्वी गारमाळ गावात माणसाआधी लोखंड म्हातारं व्हायचं.

तिथली जमीनच तशी होती. वरून तांबूस, मऊ, पाहणाऱ्याला वाटावं की नुसतं बी फेकलं तरी उगवेल. पण वीतभर खाली गारगोट्याच गारगोट्या. सकाळी टोकदार गेलेला नांगराचा फाळ दिवस मावळताना अंगठ्यासारखा बोथट होऊन यायचा. तो शेवटायला, म्हणजे तापवून ठोकून त्याला पुन्हा टोक काढायला, डोंगरापलीकडच्या बाजारी जावं लागे. माणूस तिकडून परत येईतो वळवाची ओल उडून जाई, आणि ओल गेली की जमिनीचा दगड होई. दरवर्षी गावाचं निम्मं रान पडीक राही. गाव त्याला दैव म्हणे आणि गप्प बसे.

गावाचा आणखी एक रिवाज होता. फिरस्त्यांनी गावाच्या शिवेत अमावास्या काढायची नाही. तो कुणी घातला, का घातला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणूनच तो मोडावा असंही कुणाच्या मनात येत नसे.

अशा गावात एका वैशाखात घिसाड्यांची गाडी येऊन उतरली. गाडी गोजराची. घिसाड्याच्या घरात पुरुष सांडशीनं तापलं लोखंड धरतो आणि बाई घण मारते. गोजराचा नवरा गेला तेव्हा सांडशी तिच्या हाती आली आणि तिचा घण सुनेकडे, तानीकडे गेला. पण आता तानीचे दिवस भरत आले होते. तिच्या हातचा घण तिच्या नवऱ्यानं, भिवानं घेतला होता, आणि तानी गाडीच्या सावलीत पोटावर हात ठेवून पडून असायची.

अमावास्या जवळ आली होती. पुढची वाट पायरीघाटातून जात होती आणि त्या घाटात गाडीचं चाक दगडावरून दगडावर आदळत जाई. गोजराची थोरली लेक अशाच एका घाटात, अशाच गाडीत, बाळंत होता होता गेली होती. त्या दिवसापासून चाक दगडावर आदळलं की गोजरा डोळे मिटून घ्यायची.

ती पाटलाकडे गेली. बयाजी पाटील वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला ओट्यावर बसवलं, गुळपाणी दिलं आणि सांगितलं की रिवाजापुढे माझा नाइलाज आहे. नाइलाज म्हटलं की चांगली माणसंसुद्धा काहीही करू शकतात.

गोजरा उठली नाही. ओट्याला टेकवलेल्या नांगराच्या बोथट फाळावरून ती बोटं फिरवत राहिली. मग तिनं विचारलं, नांगरट संपेपर्यंत झिजणार नाही असा फाळ करून दिला तर? पाटील हसला. म्हणाला, असा फाळ झाला तर सुनेचं बाळंतपण इथंच कर, तुला कुणी हात लावणार नाही. चार माणसांसमोर शब्द दिला गेला. दिलेला शब्द खरा करायची वेळ येईल असं मात्र चौघांपैकी एकालाही वाटलं नव्हतं.

काळ्या रानातल्या एका गुऱ्हाळातून गोजरानं मोडक्या चरकाच्या लाटेचे, म्हणजे ऊस पिळणाऱ्या रुळाचे, तुकडे आणून गाडीत ठेवले होते. ते बिडाचे होते. बीड म्हणजे ओतीव लोखंड. कठीण, पण ठिसूळ. त्याचा फाळ केला तर पहिल्या दगडाला मोडेल. साधं लोखंड चिवट, मोडणार नाही, पण गारगोटी त्याला खाऊन टाकेल. गोजराच्या मनात होतं की एकाच्या अंगावर दुसऱ्याचं कातडं चढवावं.

भट्टी पेटली. भिवानं भाता असा ओढला की त्याचा घुमार पंचक्रोशीत ऐकू गेला, असं म्हणतात. साध्या लोखंडाचा फाळ पांढरट लाल झाला तशी गोजरानं त्याच्यावर टाकणखाराची चिमूट टाकली. तो वितळून लोखंडावर काचेसारखा पसरला. मग बिडाची कांब आगीच्या तोंडाशी धरून तिचे थेंब तिनं फाळाच्या टोकावर ओघळू दिले. बायका रांगोळीची रेघ ओढतात तशी तिनं बिडाची रेघ ओढली. तिच्याशेजारी बोटभर जागा सोडून दुसरी, मग तिसरी. ठिणग्या वर उडाल्या आणि बाभळीवर फुलांसारख्या अडकून राहिल्या, असंही म्हणतात.

बघायला जमलेल्यांपैकी एकानं विचारलं, बाई, मधली जागा का सोडली? बीड पुरलं नाही होय?

गोजरा मान वर न करता म्हणाली, “तितं माती बसंल. मग मातीला माती घासंल. लोखंडाला काय त्याचं?”

लोक हसले. मातीपासून राखायला मातीच ठेवायची, हे त्यांना काही पटलं नाही.

फाळ राखेत निवायला ठेवला. थोड्या वेळानं राखेतून आवाज येऊ लागला. टिक. टिक. वाळल्या शेंगा तडकाव्यात तसा. गोजरानं फाळ बाहेर काढून पाटलाच्या हाती दिला आणि जमलेली माणसं एक पाऊल मागे सरली. बिडाच्या प्रत्येक रेघेवर आडव्या बारीक भेगा पडल्या होत्या.

गारमाळात भेगाळलेलं लोखंड जमिनीत घालत नसत. जसा फाळ तशी जमीन, अशी तिथली समजूत. फाळाची भेग रानात उतरते, रानाची विहिरीत उतरते, आणि मग दुष्काळ. असं लोखंड डोहात सोडायचं. पाटलाचा चेहरा उतरला. त्याला तो फाळ चालावा असं मनातून वाटत होतं.

गोजरानं समजावून पाहिलं. म्हणाली, वरचं कातडं कडक आहे, निवताना ते आखडतं. भेगा पडून ते मोकळं झालं नाही तर सगळा फाळ मोडेल. भेग वरच्या वर थांबली आहे, आतलं लोखंड अखंड आहे. पण गाव भेगेची लांबी बघत होतं. ती खोल किती गेली, हे बघायला कुणी वाकलं नाही.

“गोजराबाई,” पाटील म्हणाला, “अमावास्येआधी गाडी जुपा.”

फाळ डोहात सोडायला नेणार कोण, यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा केरबा पुढे आला. केरबाची जमीन टेकडीमागे होती, कुणालाच नको म्हणून त्याच्या वाट्याला आलेली. माणूस थट्टेखोर. “द्या हिकडं,” तो म्हणाला, “डोह माझ्याच वाटंवर हाय.”

त्यानं फाळ खांद्यावर टाकला, डोहापाशी आला, पाण्यात डोकावला आणि सरळ पुढे चालत गेला. रानात पोचल्यावर त्यानं तोच फाळ नांगराला ठोकला.

केरबाच्या रानात मग जे झालं ते गारमाळात आजही रंगवून सांगतात. म्हणतात की भर उन्हात फाळाखाली गारगोट्यांच्या ठिणग्या उडत आणि बैलांच्या मागून काजव्यांची रांग चालल्यासारखी दिसे. म्हणतात की काही दिवसांनी गारगोट्या फाळ येताना पाहून आपसूक कुशीवर वळू लागल्या. रोज संध्याकाळी केरबा फाळ वर काढून बघे. रेघांच्या मधल्या खाचांत माती गच्च बसलेली असे, आणि रेघा झिजायच्या सोडून चकाकत असत. ज्या रानात त्याच्या बापानं कधी नांगर घातला नव्हता, ते रान त्यानं आडवं-उभं नांगरून काढलं.

इकडे पाटलाचा चांगला, बिनभेगेचा, पूजा केलेला फाळ अर्ध्या रानातच संपला. ओल उडत चालली होती. अमावास्येच्या दिवशी सकाळी पाटील बाजाराच्या वाटेला लागला. टेकडीला वळसा घातला आणि थबकला. समोर केरबाचं रान पालथं पडलं होतं, ओल्या मातीचा वास येत होता.

पाटलानं वाकून नांगर पाहिला. फाळ ओळखीचा होता.

“केरबा, ह्यो डोहात टाकायचा हुता.”

“टाकणार हाय की,” केरबा म्हणाला. “रान झालं म्हंजी टाकतो.”

“आरं, भेगा हायत त्याला.”

“माज्या रानाला आदीच भेगा हुत्या, पाटील. फाळाला वाटलं आसंल, आपल्याच घरी आलो.”

पाटील हसला नाही. तो खाली बसला, फाळावरची माती त्यानं नखानं काढली आणि पहिल्यांदाच त्या भेगांत नीट डोकावून पाहिलं. मग त्यानं विचारलं, घिसाडीण कुठे आहे? केरबानं डोंगराकडे बोट दाखवलं. गाडी पहाटेच निघाली होती.

पाटील धावला, असं म्हणतात. पाटील धावलेला त्या गावानं त्याआधी कधी पाहिला नव्हता. केरबा नांगरासकट बैल हाकत त्याच्या मागून निघाला, आणि दोघांना बघून हातातली कामं टाकून लोक निघाले.

गाडी दूर गेली नव्हती. शिवेचा शेंदरी दगड ओलांडला आणि थोडं पुढे चाक एका दगडावर आदळलं. तानीनं ओठ चावला आणि गाडीची दांडी धरली. गोजरानं गाडी थांबवली, बैल सोडले, बाभळीखाली गोधडी अंथरली आणि वर लुगड्याचा आडोसा केला. पुढे घाट होता, मागे शीव होती. ज्या जागेवर कुणाचाच हक्क नाही तिथं तिची सून कळा देत होती.

पाटील दगडाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, चूक झाली, गाडी परत घे.

गोजरा आडोशातून बाहेर आली. तिच्या हाताला राख लागलेली होती आणि आवाजात राग नव्हता.

“आता तिला बोटभर हलवता येत न्हाई, पाटील. आमी तुमच्या शिवंभाईर हाय, तुमचा रिवाज मोडलेला न्हाई.” ती थांबली. आतून तानीचं कण्हणं आलं. “मला आत घिता येत न्हाई, तर शीव भाईर घ्या.”

अमावास्या लागली होती. शीव गाडीच्या भोवतीनं नेली की फिरस्ती बाई अमावास्येला गावात असणार होती. रिवाज चुकून मोडला असं म्हणायला जागा उरणार नव्हती. तो जाणूनबुजून, सगळ्यांदेखत मोडावा लागणार होता. पाटलाला ते कळलं. गोजराला तर आधीच कळलेलं होतं.

पाटलानं पायातल्या वहाणा काढल्या. केरबाच्या हातातून नांगराचं रुमणं घेतलं आणि भेगाळलेला फाळ शिवेच्या दगडाला टेकवून जमिनीत दाबला.

तिथल्या जमिनीत आजवर कधी नांगर घुसला नव्हता. ती बैलांच्या खुरांखाली वाजत होती. पण फाळ असा गेला, जसा दह्यात चमचा जावा. पाटील दगडापासून निघाला, गाडीच्या, बाभळीच्या, आडोशाच्या भोवतीनं वळला आणि पुन्हा शिवेला येऊन मिळाला. नांगरानं काढलेल्या तासाची दोन टोकं जिथं जुळली तिथं फाळ थांबला आणि त्याच क्षणी आडोशात लेकरू रडलं, असं म्हणतात. मुलगी झाली होती. तानी जगली. बायकांनी आडोशाकडे धाव घेतली आणि पुरुष उगाचच तासातली ढेकळं सारखी करत राहिले.

त्या वर्षी गोजरानं गाडीतलं सगळं बीड संपवलं. ज्यानं फाळ आणला त्याला तिनं रेघा ओढून दिल्या, आणि ज्याला शिकायचं होतं त्याला भात्याशी बसवून घेतलं. वाफसा, म्हणजे पेरायजोगी ओल, धरून सगळं गाव पेरून निघालं. दुष्काळ काही आला नाही. गावानं तिला घरापुरती जागा देऊ केली. ती म्हणाली की घिसाड्याची चूल चाकावर असते. नात रांगू लागली तशी तिनं गाडी जुपली आणि पायरीघाटातून निघून गेली. पुढे ती कुठं गेली, कुठं मेली, हे कुणाला माहीत नाही. आसपासच्या दोनतीन गावांत तिची समाधी दाखवतात. गारमाळात दाखवत नाहीत. त्यांच्या मते तिला थांबवून ठेवायचा हक्क कुणालाच नाही.

आता गारमाळात ट्रॅक्टर आहेत. फाट्यावर वेल्डिंगची दुकानं आहेत. पलटी नांगराचे फाळ, रोटाव्हेटरची पाती, विहीर खोदणाऱ्या यारीच्या बादलीचे दात, सगळं तिथं येतं. बिडाच्या कांबेऐवजी आता कडक थर चढवणाऱ्या वेल्डिंगच्या कांड्या मिळतात आणि भात्याऐवजी वीज आहे. पण रेघा अजून बोटभर जागा सोडूनच ओढतात. काम निवताना टिक टिक वाजू लागलं की वेल्डर चष्मा वर करून म्हणतो, गोजराई बोलली. ती बोलल्याशिवाय फाळ गिऱ्हाइकाच्या हाती देत नाहीत. आणि एखादं नवखं गिऱ्हाईक भेगा बघून कुरकुरलं तर त्याला चहा पाजतात आणि मग ही गोष्ट सांगतात.

पायरीघाटाच्या बाजूला गावाची शीव आजही एके ठिकाणी दिवस भरलेल्या पोटासारखी बाहेर आलेली आहे. मोजणीवाल्यांनी ती रेघ सरळ करून द्यायची तयारी दाखवली होती. गावानं हात जोडून नको म्हटलं. तेवढ्या तुकड्यात कुणी पेरत नाही. तिथं फिरस्त्यांच्या गाड्या उतरतात, आता टेम्पोही उतरतात. वैशाखी अमावास्येला तिथं जो कुणी मुक्कामाला असेल त्याच्यासाठी प्रत्येक घरातून भाकरी जाते. पाटलाच्या घरातून लुगडं जातं. भाकरी नेणारा पोराबाळांची चौकशी करतो, बैलांची करतो, पुढच्या वाटेची करतो. कधी निघणार, एवढं मात्र तो विचारत नाही.