जास्तीची प्रत

केसरगडच्या शार्दूलसेन राजाला आपल्या राज्यापुढे बाकीचं जग कस्पटासमान वाटे. एके दिवशी त्याने भर दरबारात जाहीर केलं, "केतकी नदीवर बंधारा घाला. खालच्या राज्यात थेंबही जाता कामा नये!"

सगळ्यांनी जयजयकार केला. गप्प राहिली ती फक्त धुरपदाबाई पाटकरीण. गावच्या पाटाचं पाणी शेतोशेत वाटण्यात तिची चाळीस वर्षं गेली होती.

"तुझी का दातखीळ बसली?" राजाने विचारलं.

"महाराज, आमच्यात पाणी वाटणाऱ्याचं शेत पाटाच्या शेवटी असावं लागतं. वाटप चुकलं की आधी त्याचंच पीक वाळतं. नदीचंही असंच काही करा. तिचं पाणी पिणाऱ्या सगळ्या राज्यांतल्या माणसांची सभा भरवा. माणशी एक मत द्या."

"परक्यांना मत? हा राजद्रोह आहे!" राजा कडाडला. "कारकून, कायदा लिहा. नदी ज्याच्या हद्दीत, पाणी त्याचं. खालच्यांनी तोंड उघडायचं नाही. आणि हिला तुरुंगात टाका!"

धुरपदाबाईने शांतपणे पदर खोचला. "जाते की. पण कारकूनदादा, एक प्रत जास्तीची काढा."

"ती कुणाला?" राजाने विचारलं.

"वरच्या राज्याच्या राजाला. नदी तिथूनच येते ना? त्याच्या दृष्टीने खालचे म्हणजे आपणच."

राजाने उचललेला शिक्का हळूच खाली ठेवला. मग त्याने विचारलं, "त्या सभेत केसरगडाला मतं किती?"

"माणसं असतील तितकी," धुरपदाबाई म्हणाली, "तुमचं एक धरून."