विरजण कुणाच्या घरचं?

एका डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. त्या गावात दुभती म्हैस एकच, आणि ती गवळणीची. गवळणीच्या घरात माणसं दोनच, ती आणि तिची म्हातारी सासू. म्हैस होती म्हणून दोघींची चूल पेटत होती.

त्या गावची एक जुनी रीत होती. विरजण संपलं की शेजारच्या घरी वाटी घेऊन जायचं आणि चमचाभर मागून आणायचं. एखादे दिवशी दह्याला तार सुटली, तर बायका पदर खोचून निघत. "तू विरजण कुणाकडून आणलंस?" "अमकीकडून." मग अमकीच्या दारी. असं दारामागून दार करत जिथून बिघडलं ते घर सापडेपर्यंत कुणी घरी परतत नसे. वाटीभर दह्यासाठी एवढी चौकशी. आणि या चौकशीत सगळ्यांत पुढे असायची गवळणीची शेजारीण.

ही शेजारीण मनानं वाईट नव्हती. कुणाचं दुखलंखुपलं तर पहिली धावायची. पण तिचं अर्धं लक्ष आपल्या चुलीवर आणि अर्धं कुंपणापलीकडे.

एके दिवशी तिनं कुंपणावरून पाहिलं, गवळण म्हशीच्या पायाला हळद लावत होती. तेवढ्यात तेलीण तेल घालायला आली. शेजारीण बोलता बोलता म्हणाली, "म्हशीच्या पायाला हळद लावतेय गं. काही डसलंबिसलं की काय कोण जाणे." मग तेल मापून घेतलं, भाजी फोडणीला टाकली आणि आपण काय बोललो ते विसरूनही गेली.

तीन दिवसांनी ती विहिरीवर गेली, तर पुजारीणकाकू घागर बाजूला ठेवून तिचीच वाट पाहत होत्या.

"अगं, तू तर कुंपणाला कुंपण लावून राहतेस, आणि तुला ठाऊक नाही? गवळणीच्या म्हशीला नाग डसलाय. दुधावर निळा तवंग येतो. पलीकडच्या गावची दोन माणसं दूध पिऊन गेली."

शेजारणीच्या हातून दोरच सुटला. घरी येताना वाटेत कुंभारीण भेटली, तिनंही तेच सांगितलं. कासारीण बांगड्या भरायला आली, तिनंही तेच. तेलीण तर म्हणाली, "मला तर आधीपासूनच माहीत होतं." आता चार बायका, चार घरच्या, एकच गोष्ट सांगतात म्हटल्यावर खोटी कशी असेल? शेजारणीनं त्याच संध्याकाळी दूध बंद केलं. गावानंही केलं.

गवळण सांगून थकली. "अगं बायांनो, खुरात काटा गेला होता. काढला, हळद लावली." तर म्हणे, ती असंच म्हणणार. सासू-सून दोघी सगळ्यांसमोर तेच दूध प्यायल्या. तर म्हणे, त्यांना सवय झाली असेल. विषाची सवय! गावच्या वैद्यानं येऊन म्हशीचा पाय पाहिला आणि काही झालेलं नाही म्हणाला. तर म्हणे, वैद्याला ती फुकट ताक देते. आता अशा माणसांपुढे कुणी काय डोकं फोडावं? खोट्याला एकही साक्षीदार लागला नाही, आणि खऱ्यानं तीन आणले तरी ते कमीच.

आठ दिवस झाले. दूध ओतून ओतून गवळण रडकुंडीला आली. शेवटी तिनं ठरवलं, उद्याच्या बाजारात म्हैस विकायची आणि सासूला घेऊन भावाच्या गावी जायचं.

दुपारी ती एक लहान मडकं घेऊन शेजारणीच्या दारी आली.

"मावशी, मी उद्या जाते. हे विरजण. माझ्या सासूबाई नव्या नवरी होत्या तेव्हा तुमच्या घरूनच आणलं होतं म्हणतात. मोडू दिलं नाही आजवर. तुमचं तुम्हाला."

शेजारणीनं हात मागे घेतले. "नको गं बाई. लेकराबाळांचं घर आहे."

गवळण रागावली नाही. मडकं परत पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "मावशी, दह्याला तार सुटली की तुम्ही गाव पालथं घालता. माझ्या म्हशीसाठी एका दारी तरी विचारलंत?"

एवढं बोलून ती गेली. शेजारणीला ते लागलं. हातातलं काम होईना. शेवटी तिनं पदर खोचला आणि निघाली.

पहिलं दार पुजारीणकाकूंचं.

"काकू, म्हशीचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुंभारणीनं. रोज देवळात येते, खोटं कशाला बोलेल?"

"आणि ती दोन माणसं मेली, ती कोण?"

"ते बाई मला ठाऊक नाही. कुंभारीण म्हणाली, असलं दूध पिऊन माणसं मरायची. मरायची म्हणजे एखाददुसरं मेलंच असेल की."

शेजारीण कुंभारणीकडे गेली. "मला कासारणीनं सांगितलं," कुंभारीण म्हणाली. "चार गावं हिंडते ती, तिला बरोबर कळतं."

"निळा तवंग तू पाहिलास?"

"पाहायला कशाला हवा? विष म्हटल्यावर निळंच असणार. हिरवं असतं का?"

कासारीण म्हणाली, "मला तेलिणीनं सांगितलं. साप डसला म्हणाली. नाग मी म्हटलं. नुसता साप म्हटलं तर कोण थांबून ऐकतंय?"

तेलीण अंगणात घाणा पुसत होती. शेजारणीनं विचारलं, "आणि तुला गं कुणी सांगितलं?"

तेलिणीनं मान वर केली. "मला? तूच की. त्या दिवशी तेल घेताना. डसलं म्हणालीस, आणि डसतो तो सापच. मुंगी काय डसायला जाते?"

शेजारीण तिथंच पायरीवर बसली. चार तोंडांनी ऐकलं म्हणून जे तिनं खरं मानलं, ते चारही वेळा तिचंच होतं. चमचाभर दिलेलं विरजण घागरभर दही होऊन घरी परत आलं, आणि ते आपलंच हे तिला ओळखू आलं नाही.

तेलिणीनं तिचं तोंड पाहिलं आणि हळूच म्हणाली, "जाऊ दे. उद्या म्हैस जाईल, चार दिवसांत सगळे विसरतील. तुझं नाव नको, माझं नको. कुणाला कळणार आहे?"

खरंच होतं ते. कुणाला कळणार नव्हतं. दह्यासाठी दुसऱ्यांची दारं वाजवणं सोपं असतं. आपल्याच दारावर येऊन थांबायचं, आणि वर ते गावाला सांगायचं, म्हणजे नाक कापून हातात देणं. तरी शेजारीण उठली आणि त्याच वाटेनं उलटी फिरली. दारोदार सांगत सुटली, "ते माझं बोलणं होतं. मी नुसतं म्हटलं होतं, पाहिलं काहीच नव्हतं. म्हैस धडधाकट आहे."

वाटलं असेल, आता सगळ्या हात जोडतील. कुठलं काय. कासारीण म्हणाली, "तुला गवळणीनं काहीतरी दिलेलं दिसतंय." कुंभारीण म्हणाली, "असेल तुझं बोलणं. पण खरंच बोलून गेली असशील." पुजारीणकाकू म्हणाल्या, "ते ठीक आहे, पण मग ती दोन माणसं उगाच मेली का?"

शेजारीण कपाळाला हात लावून घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवळण म्हैस घेऊन वेशीपाशी आली. बघायला सगळा गाव जमला होता. दूध घ्यायला कुणी येत नव्हतं, पण तमाशा बघायला सगळे वेळेवर हजर. शेजारीण तांब्या घेऊन म्हशीच्या आडवी उभी राहिली.

"काढ धार," ती गवळणीला म्हणाली.

गवळणीनं धार काढली. शेजारणीनं फेसासकट तांब्या रिकामा केला आणि पारावर मांडी घालून बसली.

"मी म्हशीला डसलं म्हटलं तेव्हा मला कुणी काही विचारलं नाही. आता नाही डसलं म्हणते, तर शंभर शंका. बसा माझ्यासमोर. मी निळी पडते का बघा."

आणि लोक खरंच बसले. कुणी घरून वाल आणून सोलायला घेतले. दर थोड्या वेळानं कासारीण जवळ येऊन तिची नखं पाहून जायची. ऊन डोक्यावर आलं. बाजार तिकडे उठायला आला. शेजारणीला झालं काय, तर कडकडून भूक लागली.

मग पुजारीणकाकू घसा खाकरून उठल्या. "आठ दिवस देवाला पंचामृत नाही. दूध दे गं बाई, आणि थोडं विरजणही दे. घरातलं मोडलं."

तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की विरजण कुणाच्याच घरात उरलं नव्हतं. सगळ्या गावात एकाच मडक्यात जिवंत होतं, गवळणीच्या. वाट्या घेऊन रांग लागली. म्हैस बाजाराला न जाता घरी फिरली.

गवळणीनं प्रत्येकीच्या वाटीत चमचा चमचा विरजण घातलं. शेजारणीची वाटी आली तेव्हा तिचा हात क्षणभर थांबला. मग तिनं दोन चमचे घातले.

"मावशी, कुणी विचारलं कुठून आणलं, तर माझं नाव सांगा."

"सांगेन," शेजारीण म्हणाली. "आणि म्हशीचं विचारलं, तर माझं सांगेन."

कुंभारीण तेवढी तीन दिवस थांबली. सगळ्यांनी दही खाल्लेलं पाहिलं, मगच वाटी घेऊन आली. असतं एकेकाचं.

तात्पर्य एवढंच: एकच बातमी चार तोंडांनी आली म्हणून चौपट खरी होत नाही. दह्यासाठी जेवढी दारं हिंडता, तेवढी बातमीसाठीही हिंडा. आणि हिंडता हिंडता शेवटचं दार आपलंच निघालं, तर कडी लावून आत बसू नका.