नट सुटेना, गाडी चालेना

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चुंदी. तिची लाल लाल गाडी, एवढीश्शी!

चुंदीच्या भाचीचं आज बारसं. आत्याच नाही आली, तर बाळाचं नाव कोण ठेवणार? चुंदी निघाली. भुर्र भुर्र भुर्र... फुस्स्स! चाकातली हवा गेली.

"चाक बदलायचं ना? हा तर माझ्या डाव्या हातचा मळ!"

चुंदीने स्टेपनी काढली. पाना लावला. हुं... हुं... हुं! नट हलेना.

नट म्हणाला, "मी गंजलोय. तेल पाज, तर सुटेन."

शेजारचे भुंगेराव हसले. "अगं, मिस्त्रीला बोलाव. तुला नाही जमायचं."

चुंदी फणकारली,

"माझी गाडी, माझं चाक!
मीच बदलीन, मुरडा नाक!"

तुरुतुरु तुरुतुरु गेली बुधलीकडे.

"बुधले बुधले, तेल दे!
नट सुटेना,
गाडी चालेना,
बाळाला नाव मिळेना!"

बुधली म्हणाली, "मी नाही जा! माझं झाकण बुळबुळीत. फडकं धरेल, तर उघडेन."

"माझी गाडी, माझं चाक!
मीच बदलीन, मुरडा नाक!"

तुरुतुरु तुरुतुरु गेली दोरीवरच्या फडक्याकडे.

"फडक्या फडक्या, झाकण धर!
बुधली तेल देईना,
नट सुटेना,
गाडी चालेना,
बाळाला नाव मिळेना!"

फडकं म्हणालं, "मी नाही जा! मी ओलं गच्च. ढग सरकेल, ऊन पडेल, तर वाळेन."

"माझी गाडी, माझं चाक!
मीच बदलीन, मुरडा नाक!"

तुरुतुरु तुरुतुरु चढली टेकडीवर. वर होता ढग.

"ढगा ढगा, बाजूला सरक!
फडकं वाळेना,
बुधली तेल देईना,
नट सुटेना,
गाडी चालेना,
बाळाला नाव मिळेना!"

ढग म्हणाला, "मी नाही जा! वारा ढकलेल, तर सरकेन."

"माझी गाडी, माझं चाक!
मीच बदलीन, मुरडा नाक!"

झाडाखाली वारा झोपला होता. घुर्रर्र... घुर्रर्र...

"वाऱ्या वाऱ्या, ढग ढकल!
ढग सरकेना,
फडकं वाळेना,
बुधली तेल देईना,
नट सुटेना,
गाडी चालेना,
बाळाला नाव मिळेना!"

वाऱ्याने एक डोळा उघडला. "चल हट! मी तुझ्या बारशाला जेवलोय. मला कोण उठवतं?"

"जेवला असशील! आज बारसं माझ्या भाचीचं आहे!"

चुंदीने शेपटी वर केली. आणि असा वास सोडला, असा वास सोडला!

वारा शिंकला, आँऽऽक्छी!
ढग पळाला, सूंऽऽ!
ऊन पडलं, लख्ख!
फडकं वाळलं, कडक!
झाकण उघडलं, फट्!
बुधलीने तेल दिलं, बुळुक बुळुक!
नट तेल प्याला. किर्र... कर्र... सुटला!

चुंदीनेच चाक काढलं. चुंदीनेच स्टेपनी बसवली. नट आवळला.

"काय भुंगेराव?"

भुंगेराव उडाले, गुंऽऽ!

गाडी पळाली, भुर्र भुर्र भुर्र! पाळण्यात बाळ रडत होतं, टँ टँ टँ.

वहिनी म्हणाली, "अगंबाई वन्सं, हात किती काळे!"

"असू देत काळे! चाक बदलून आलेय मी!"

चुंदी बाळाच्या कानाशी वाकली.

"कुर्रर्र! नाव तुझं गिरकी!"

आत्याच्या पाठीत धपाटे पडले, धप धप धप! बाळ खुदकन हसलं.

मग आल्या घुगऱ्या. पहिली मूठ कोणाला? चुंदीआत्याला. दुसरी कोणाला? तीही चुंदीआत्यालाच!