शून्यावर आलेली मैना

"मग यातली खरी आवृत्ती कोणती, मॅडम?"

इंद्रनीलने विचारलं खरं, पण उत्तर त्याचं आधीच ठरलेलं होतं. हात नियमांच्या जुन्या पुस्तकावर होता.

रत्नागिरीला तेंडोलकर मॅडमच्या जेवणाच्या टेबलावर दर रविवारी दुपारी हा खेळ चालतो. मॅडम सूत्रधार. त्या गोष्ट सांगतात, आम्ही प्रत्येकजण तिच्यातलं एकेक पात्र होतो, आणि कुठे अडलं की वीस बाजूंचा फासा टाकतो. बाळाला सासूबाईंकडे सोपवून तेवढी दुपार मी मैना नावाची चोर असते. बाळ उठलं असेल का, ही काळजी मैनेलाही असते.

पुढच्या रविवारपासून सूत्रधाराची खुर्ची इंद्रनीलला मिळायची होती. नियमांच्या दोन्ही आवृत्त्या त्याला तोंडपाठ.

आणि नेमकी आत्ताच मैना पडली होती. दगडी राक्षसाचा एक फटका, आणि तिच्या जीवाचे गुण शून्यावर.

"नव्या आवृत्तीत शून्यावर आलेल्याला एक फासा मिळतो," समोरून नौशीन म्हणाली. "दहाच्या वर पडला की वाचला."

"लाड आहेत ते," इंद्रनील म्हणाला. "जुन्यात शून्य म्हणजे मेला. विषय संपला. म्हणून तर जुन्या खेळात छाती धडधडायची."

माझी आत्ताही धडधडत होती. कागदावरच्या एका चोरासाठी... घरी कुणाला सांगायची सोय नाही.

मॅडम उठल्या. आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बस."

"आजच?"

"आत्ता. तुला जुनी हवी ना? मग जुनी. ही मेली म्हणून सांग तिला."

इंद्रनील बसला. शर्टाची बाही सारखी केली. माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुमची मैना..."

मी मान हलवली, शहाण्या बाईसारखी. दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली होती, ते त्याला दिसत असणारच.

"मैना पुलावर पडलीये. खाली नदी. हातातली मशाल विझत आलीये..."

"मेली का ते सांग ना बाबा," नौशीन म्हणाली.

"सांगतोय. थांब की जरा."

पण सांगेना.

...

मग त्याने फासा उचलला.

नौशीन उभी राहिली. मीही. फासा टेबलावर पडला, नकाशावरून घरंगळला, चहाच्या कपाला आपटला, जागच्या जागी गरगरला...

सतरा.

"श्वास चालू आहे!" सगळ्यांत मोठ्याने इंद्रनीलच ओरडला. "मशाल पेटलीये परत. उठतीये ती, ताई, उठतीये!"

नौशीनने मला गदागदा हलवलं. मी हसत होते की रडत, देव जाणे. शेजारच्या काकूंनी खिडकीतून डोकावून पाहिलं, तेव्हा कुठे आम्ही खाली बसलो.

गलका ओसरला, तसं इंद्रनीलचं तोंड उतरलं.

"चुकलो, मॅडम. जुन्यात तिथे फासा टाकायचाच नसतो. ती मेलीच होती."

"हं."

"खुर्ची नौशीनला दिलीत तरी चालेल."

मॅडम कपात चहा ओतत राहिल्या.

"तुम्ही तर इतकी वर्षं जुन्यावरच खेळ चालवलात," तो म्हणाला. "या ठिकाणी आलं की तुम्ही काय करायचात?"

"चुकायचे."

"...दर वेळी?"

"दर वेळी." मॅडमनी कप त्याच्यापुढे ठेवला. "सगळेच सूत्रधार तिथे चुकायचे रे. शेवटी पुस्तकवाल्यांनी नव्या आवृत्तीत तसंच छापून टाकलं."