मदत उघडत नाही

"माझ्यात कमी काय आहे, तेवढं सांगा."

केशवगिरी महाराज पडवीत वाल सोलत बसले होते. "कमी काहीच नाही रे," ते म्हणाले.

"मग सागव्याला मला का पाठवत नाही?"

महाराजांनी आणखी एक वाल सोलला.

सागव्याच्या मठातली शाळा वैशाखापासून मास्तराविना होती. गावकरी दोनदा येऊन विनवून गेले. विद्याधर तयारच होता. कॉलेजातली प्राध्यापकी सोडून आलेला माणूस, सहाही दर्शनं तोंडपाठ. कुणी काही विचारो, प्रश्न पुरा व्हायच्या आत याचं उत्तर हजर.

"आधी तो कॉम्प्युटर बघ," महाराज म्हणाले. "पोरांसाठी लिहिलेले धडे उघडले, तर नुसते चौकोन दिसतायत."

विद्याधर खुर्चीत बसला. कोपऱ्यातल्या मदतीच्या चिन्हावर टिचकी मारली. पाटी आली : मदत उघडता आली नाही. उपायासाठी मदत पहा.

पुन्हा मारली. पुन्हा तीच पाटी.

"बघा! बुडत्याला सांगतात, पोहायचं कसं ते तळाशी लिहिलंय!"

"फोन लाव ना मग."

फोन लावला. आधी सनई वाजली. मग एका गोड आवाजानं सांगितलं, की आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि तो वेळ खुशाल खाल्ला. विद्याधरची कानशिलं तापली. अखेर एक जिवंत मुलगी बोलली.

"नमस्कार सर, मी रेश्मा. काय अडचण आहे?"

"अडचण माझी नाही, तुमची आहे! तुमचा प्रोग्राम सदोष, त्यातली मदत म्हणजे शुद्ध फसवणूक, आणि बहुधा व्हायरसही..."

"सर, पडद्यावर काय दिसतंय?"

"तेच सांगतोय. मुळात रचनाच..."

"दिसतंय काय, सर?"

महाराज गालातल्या गालात हसले. विद्याधरनं पाठ फिरवली आणि एकदाचं सांगितलं, "चौकोन. अक्षरांच्या जागी चौकोन."

"छान. हे व्हायच्या आधी तुम्ही काही केलं होतंत?"

विद्याधरनं मदतीच्या चिन्हावर पुन्हा एकदा टिचकी मारली.

"सर?..."

"सकाळी थोडी साफसफाई केली," आवाज खाली आला. "फालतू फाइली पुसल्या."

पडवीतला वाल सोलण्याचा आवाज थांबला. सकाळी महाराजांनी विचारलं होतं, तेव्हा याच माणसानं छातीठोकपणे सांगितलं होतं, की यंत्रच जुनं झालंय.

"कसल्या फाइली होत्या त्या?"

"म्हणजे... त्यांचा उपयोग असा..."

"कसल्या होत्या, सर?"

विद्याधरनं पडद्याकडे पाहिलं. मग दाराकडे. महाराज त्याच्याकडेच बघत होते, ताप उतरलेल्या पोराकडे आई बघते तसे.

"मला माहीत नाही," विद्याधर म्हणाला.

त्यानं माउसवरचा हात काढून घेतला.

"मला खरंच माहीत नाही, ताई. न बघताच पुसल्या."

"चालेल, सर," रेश्मा म्हणाली. "आता शोधता येईल. थांबा हं, मी जरा विचारून येते."

पुन्हा सनई सुरू झाली.

महाराज उठले. हात धुतले. आतल्या खोलीत गेले. विद्याधरची पडशी घेऊन बाहेर आले. तिच्यात त्याचं धोतर, पंचा आणि मूठभर शेंगदाणे भरले, आणि ती उंबऱ्याशी ठेवली. वाकून त्याच्या चपला बाहेरच्या बाजूला तोंड करून लावल्या.

विद्याधर फोन कानाला धरूनच उभा राहिला.

"महाराज, हे काय? यंत्र अजून तसंच बिघडलेलं आहे!"

"यंत्राला कुठं पाठवायचंय मला? सागव्याची चारची एसटी पकड."